अंगणात आलेली शाळा

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आज मी तुमच्याशी एका पोटदुखीबद्दल बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. पण ही पोटदुखी औषधाच्या दुकानात जाऊन बरी होणारी नाही. ती सकाळी दहाच्या सुमारास सुरू होते, शाळेची घंटा ऐकू आली की वाढते, आणि रविवारी तिचा मागमूसही नसतो. तुमच्यापैकी अनेकांनी ती लहानपणी सोसली असेल. काहींच्या घरात ती आजही असेल.

मी ती सोसली ती १९७०च्या दशकात, भंडारा जिल्ह्यातल्या एका गावात, पहिलीत असताना. आमच्या घरात विड्या वळल्या जायच्या. अम्मीच्या मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं, तंबाखू आणि दोरा. घरात आम्ही आमची हिंदी बोलायचो, गल्लीत झाडीबोली बोलायचो, आणि शाळेत गेल्यावर समोर आली ती पुस्तकातली मराठी. सहा वर्षांच्या पोराला या तीन भाषा आहेत हेच ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, बोलणं म्हणजे बोलणं.

एक दिवस गुरुजींनी कोपऱ्यातल्या मडक्याकडे बोट दाखवून विचारलं, ‘‘यात काय आहे?’’ मी म्हणालो, ‘‘पानी.’’ ‘‘पानी नाही, पाणी.’’ मी पुन्हा म्हणालो, ‘‘पानी.’’ माझी जीभ तो ‘ण’ उचलायलाच तयार नव्हती. छडी हातावर बसली. गंमत अशी की वर्गातली बहुतेक पोरं घरी ‘पानी’च म्हणत. अम्मीचं हिंदीतलं पानी आणि शेजारच्या काकूंचं झाडीबोलीतलं पानी एकच. फक्त पहिला प्रश्न मला विचारला गेला. माझा हात लाल झालेला पाहून बाकीच्यांनी तोंडं मिटली ती मिटलीच.

त्या वर्षी मी वर्गात जवळजवळ बोललोच नाही. रोज सकाळी पोट दुखायचं. अम्मीनं ओव्याचा काढा दिला, मीठ-मिरच्या ओवाळून नजर काढली, दर्ग्यावरून आणलेला दोरा दंडाला बांधला. या पोटदुखीचा पत्ता शाळेत आहे, हे तिच्या ध्यानात आलं नाही, आणि मला सांगता आलं नाही. शेवटी अब्बा मला हाताला धरून शाळेत घेऊन गेले आणि गुरुजींना म्हणाले, ‘‘गुरुजी, हाडं आमची, चामडी तुमची.’’ मकतबात मौलवीसाहेबांनाही ते हेच सांगत. यात क्रूरपणा नव्हता, विश्वास होता. पोरगं शिकावं ही तळमळ होती. पण माझ्या बाजूनं पाहिलं, तर त्या दिवशी जगातला शेवटचा दरवाजाही बंद झाला होता.

दुसरीत आम्हाला एक बाई आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात तेच मडकं दाखवलं. मी गप्प. त्या जवळ आल्या, खाली बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘बाबू, तुझ्या घरी याला काय म्हणतात?’’ मी पुटपुटलो, ‘‘पानी.’’ त्यांनी फळ्यावर ‘पानी’ लिहिलं, शेजारी ‘पाणी’ लिहिलं, आणि म्हणाल्या, ‘‘दोन्हींनी तहान भागते.’’ काही दिवसांतच माझी पोटदुखी थांबली. अम्मीला वाटलं, नजर उतरली.

बरीच वर्षं मी हे माझं नशीब समजत होतो. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की बाईंच्या त्या एका प्रश्नामागे शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे. मुलाच्या मनाला जपलं तरच त्याला शिकवता येतं, हे आपल्याकडे काही माणसांनी फार पूर्वी ओळखलं होतं. आज ‘मुलांचं मानसिक आरोग्य’ हा शब्द नवा वाटतो, परदेशातून आल्यासारखा वाटतो. म्हणून ही जुनी गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

आपल्याकडच्या जुन्या पंतोजींच्या शाळेत पाठांतर हेच शिक्षण होतं. पावकी-निमकी, दिडकी, मोडी अक्षर, जमाखर्च. पाठ झालं नाही की अंगठे धरून उभं राहायचं, नाहीतर हात पुढे करायचा. इंग्रजी राज्यात सरकारी शाळा आल्या, पुस्तकं छापली गेली, नकाशे भिंतीवर लागले, पण छडी गेली नाही. उलट एक नवी भीती आली. वर्षातून एकदा तपासणीला येणाऱ्या साहेबाची, ज्याला लोक ‘दिपोटी’ म्हणत. मास्तरला दिपोटीची भीती आणि मुलांना मास्तरची. वरून उतरत आलेली भीती सर्वांत शेवटी सर्वांत लहान तळहातावर येऊन थांबते, ही रीत तेव्हापासूनची आहे.

या अंधारात पहिला दिवा लावणाऱ्यांत जोतीराव आणि सावित्रीबाई फुले होते. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. पण त्यांच्या शाळेतल्या एका विद्यार्थिनीची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. मुक्ता साळवे हे तिचं नाव. मांग समाजातल्या या शाळकरी मुलीनं आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. विचार करा, जिच्या सावलीचाही लोकांना विटाळ वाटायचा, ती मुलगी कागदावर आपलं दुःख लिहिते, आणि शाळा तिला ‘गप्प बस’ असं म्हणत नाही. मनातली जखम शब्दांत मांडता येणं ही बरं होण्याची पहिली पायरी असते, असं आजचे मानसतज्ज्ञ सांगतात. फुल्यांच्या शाळेनं ती पायरी तेव्हा बांधली होती.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं. त्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातच आणखी एक मुद्दा आहे. प्राथमिक शाळेतले शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, गरज पडली तर नांगराची मूठ धरायला किंवा सुताराचा वाकस हाती घ्यायला त्यांना लाज वाटू नये, लोकांत त्यांना मिसळता यावं, असं त्यांनी मांडलं. मी हा मुद्दा माझ्या मडक्याशी जोडून वाचतो. ज्याला मुलाच्या घरचं पाणी ठाऊक आहे, तो त्याच्या ‘पानी’वर छडी उगारत नाही.

पुढची गोष्ट गुजरातेतून आपल्याकडे येते. भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक वकील होते. स्वतःच्या मुलाला कोणत्या शाळेत घालावं या विचारात असताना त्यांच्या हाती इटलीच्या मारिया माँटेसरी यांचे विचार आले, आणि त्यांनी वकिली सोडली. १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. तिथे मारणं नव्हतं, धमकावणं नव्हतं, बक्षिसाची लालूचही नव्हती. गाणी, गोष्टी, नाटकं आणि हातानं करायची कामं होती. भरघोस मिशांच्या या माणसाला लोक ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणू लागले. मास्तरला आई म्हणणं हाच त्या काळात केवढा बदल होता!

१९२३ साली त्यांच्याबरोबर काम करायला आल्या ताराबाई मोडक. १८९२ साली मुंबईत प्रार्थना समाजाच्या वातावरणात जन्मलेल्या या पदवीधर बाई. लग्नानंतर त्या काही वर्षं आपल्या अमरावतीला होत्या, म्हणून विदर्भानं त्यांच्यावर थोडा हक्क सांगायला हरकत नाही. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ निघाली. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं. पण ही सगळी सुरुवात शहरातल्या, बऱ्या स्थितीतल्या घरांतल्या मुलांपासून होती. साधनं महाग होती. खेड्यातल्या, उघड्या अंगाच्या, अर्धपोटी मुलाचं काय, हा प्रश्न ताराबाईंना सोडत नव्हता.

मध्ये १९३७ हे साल येतं. या एका सालात महाराष्ट्राच्या दोन टोकांना दोन गोष्टी घडल्या. भंडाऱ्याहून निघून नागपूर ओलांडलं की वर्धा लागतं. तिथे ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकारानं शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे देशाचे राष्ट्रपती झालेले हे झाकिरसाहेब तेव्हा दिल्लीच्या जामिया मिलियाचं काम पाहत होते. त्यांनी मुलांसाठी सुंदर गोष्टीही लिहिल्या आहेत. त्या समितीतून ‘नई तालीम’चा आराखडा आला. शिक्षण मातृभाषेतून, हाताच्या कामातून, आणि मुलाच्या आसपासच्या जीवनाशी जोडलेलं.

दुसरी गोष्ट मुंबईची. क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाच्या अमेरिकी गृहस्थांनी नागपाड्यात, गरीब वस्तीत, सेवाकेंद्र चालवलं होतं. त्यातूनच १९३६ साली समाजकार्य शिकवणारी टाटांची संस्था उभी राहिली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. या संस्थेनं १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. देशातलं अशा प्रकारचं ते पहिलं केंद्र मानलं जातं. वर्गात मागे पडणारं, अंथरूण ओलं करणारं, चोरी करणारं, गप्प राहणारं मूल म्हणजे वाईट मूल नव्हे, त्याच्यामागे काही कारण आहे, आणि ते त्याच्या घरी-दारी जाऊन शोधायला हवं, हा त्यामागचा विचार. माझ्या पोटदुखीला समजून घेणारी माणसं माझ्या जन्माआधी तीन दशकं मुंबईत होती. पण मुंबई भंडाऱ्यापासून फार लांब होती.

आणि जवळच्या वर्ध्याचं काय झालं? आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. वर्ध्याच्या विचारातून रविशंकर शुक्ल यांनी प्रांतात विद्यामंदिर योजना आणली. तिच्या नावातल्या ‘मंदिर’ शब्दावरून मुस्लिम लीगनं वाद उभा केला. नाव ठेवणाऱ्यांनी ऐकणाऱ्याच्या मनाचा विचार आधी केला असता तर बरं झालं असतं, आणि आक्षेप घेणाऱ्यांनी नावापलीकडे मुलाकडे पाहिलं असतं तर अधिक बरं झालं असतं. मोठी माणसं पाटीवरच्या शब्दावरून भांडत राहिली. मूल पाटी घेऊन बाहेर उभंच राहिलं. हे मी माझ्या दोन्ही घरांना सांगतो, जन्माच्या घराला आणि भाषेच्या घराला.

आता मी मुख्य गोष्टीकडे येतो. १९४५ साली ताराबाई मोडक ठाणे जिल्ह्यातल्या, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या, बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. त्यांच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० सालचा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. लहानपण हिरावलं गेलेल्या या बाईनं उरलेलं सारं आयुष्य दुसऱ्यांच्या मुलांचं लहानपण जपण्यात घालवलं. बोर्डीला त्या आल्या आणि त्या परिसरातल्याच झाल्या. १९९२ साली त्यांचं निधन झालं तोपर्यंत.

बोर्डीला बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती दलित वस्तीतली मुलं येईनात. आता अशा वेळी आपण काय म्हणतो? ‘पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही.’ ‘ही पोरं सुधारायची नाहीत.’ या दोघींनी असं म्हटलं नाही. मूल शाळेत येत नाही, तर शाळेनं मुलाकडे जावं, असं त्यांनी ठरवलं. वस्तीतल्या एखाद्या अंगणात जायचं, मुलं जमवायची, त्यांची नखं कापायची, आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. मुलाच्या डोळ्यांसमोर त्याचं स्वतःचं घर. आई दोन पावलांवर. भीती वाटायला जागाच नाही. या अंगणातल्या शाळेला ताराबाईंनी नाव दिलं ‘अंगणवाडी’.

ही अंगणवाडी नीट पाहिली पाहिजे. माँटेसरीच्या महागड्या साधनांच्या जागी तिथे शंख-शिंपले आले, बिया आल्या, पानं, दगड, माती आली. त्यात पैशाची बचत होती, पण त्याहून मोठी गोष्ट होती. मूल घरी ज्या शिंपल्यांशी खेळत होतं, तोच शिंपला बाईंच्या हातात दिसला की मुलाला कळतं, माझं जग हिला मान्य आहे. अक्षर, अंक, रंग हे सगळं नंतर येतं. आधी ही मान्यता यावी लागते. आणि आंघोळ घालणं? अस्पृश्य म्हणून ज्याला कोणी हात लावत नव्हतं, त्या मुलाच्या डोक्यावरून बाईंचा हात फिरतो. मानसिक आरोग्य यावर आपण आज शिबिरं घेतो. त्या काळी ते एका तांब्याभर पाण्यात होतं.

१९५७ साली हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली आदिवासींच्या मुलुखात. तिथली अडचण वेगळी होती. सहा-आठ वर्षांची मुलं गुरं चारायला जात आणि मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन बसत. मग काय करायचं? या दोघींचं उत्तर तेच. गुरं कुरणात आहेत, तर शाळा कुरणात. गुरं चरत राहतील, मुलं शिकत राहतील. ती झाली कुरणशाळा. मुलीच्या कडेवर मूल आहे, तर त्या मुलासाठी शाळेजवळच पाळणाघर. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदणारी ‘विकासवाडी’ तिथे उभी राहिली. धाकटा भाऊ शेजारीच सुरक्षित आहे, रडला तर आवाज ऐकू येईल, हे ठाऊक असल्याशिवाय कुठल्याही बहिणीचं लक्ष पुस्तकात लागत नाही. मुलीच्या गैरहजेरीमागची काळजी ओळखणं आणि त्या काळजीची सोय करणं याला मी खरं समुपदेशन म्हणतो.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. १९७३ साली त्या गेल्या. अनुताईंना १९८४ साली पद्मश्री मिळाली. पण त्यांचा खरा सन्मान वेगळाच झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं ‘अंगणवाडी’. बोर्डीच्या एका वस्तीतला शब्द काश्मीरपासून केरळपर्यंत पोचला. आपल्या झाडीपट्टीत धानाच्या बांध्यांपलीकडच्या टोल्यावरही आज अंगणवाडी आहे. मात्र शब्द जितक्या वेगानं पसरला, तितक्या वेगानं त्यामागचा विचार पसरला का, हे आपण आपल्यालाच विचारावं. अंगणवाडीताईंच्या हातात वजनकाटा आला, नोंदवह्या आल्या, खिचडी आली, पुढे मोबाईल आला. या सगळ्यातून त्यांना मुलाजवळ बसायला किती वेळ मिळतो?

शाळेच्या बाजूनं पाहिलं तर कायदा हळूहळू मुलाकडे सरकत आला. १९८६च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात लिहिलं गेलं की शारीरिक शिक्षेला शिक्षणव्यवस्थेत अजिबात थारा नसावा. १९८९ साली लेखक आर. के. नारायण यांनी राज्यसभेत दप्तराच्या ओझ्याखाली वाकलेल्या मुलांची कैफियत मांडली. त्यानंतर नेमलेल्या प्रा. यशपाल समितीनं १९९३ साली ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. तिचं म्हणणं होतं की दप्तराच्या वजनाहून न समजलेल्या गोष्टी पाठ करण्याचं ओझं जास्त आहे. १९९६ साली, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्याच आश्रयानं, संकटातल्या मुलांसाठी १०९८ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली आणि पुढे देशभर गेली.

आणि मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या कलम १७ नं मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला मनाई केली. लक्षात घ्या, मानसिक छळही. ‘गाढवा’, ‘ढ’, ‘तुझ्या बापानं कधी शाळा पाहिली का’, हे सारं त्यात येतं. कलम २९ मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. ते म्हणतं की मुलाला भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त करावं, त्याला मोकळेपणानं मत मांडायला मदत करावी, आणि शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं. मी हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझ्या दुसरीच्या बाई आठवल्या. त्यांना हा कायदा ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. तो व्हायला अजून तीस वर्षं होती.

मग आता सगळं छान झालं का? छडी बरीच कमी झाली, हे खरं. पण भीतीनं रूप बदललं. माझी भीती वर्गात होती आणि घरी आलो की सुटायची. आजच्या मुलाची भीती त्याच्याबरोबर घरी येते. ती गुणपत्रिकेत असते, शिकवणीच्या फलकावर लावलेल्या यादीत असते, आणि मोबाईलमध्ये तर रात्रीही जागी असते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेनं २०२२ साली देशातल्या पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे आपल्या चिंतेचं कारण सांगितलं. त्याच २०२२ या वर्षातली राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी आणखी जड आहे. देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत महाराष्ट्राची संख्या १,७६४, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. फुले, साने गुरुजी, ताराबाई, अनुताई यांचं राज्य या यादीत पहिलं आहे. ही ओळ वाचताना माझा आवाज बसतो.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना मानसिक आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसतज्ज्ञ नेमावा, असाही निर्देश दिला. हे व्हायलाच हवं. पण आपल्या जिल्ह्यात वीस-पंचवीस पटाच्या, दोन शिक्षकी शाळा ठिकठिकाणी आहेत. शंभराच्या आकड्यात न बसणाऱ्या त्या मुलांचं काय? तिथे समुपदेशक कोण? तिथे गुरुजी आणि बाईच. तेच ताराबाई आणि तेच अनुताई.

आणि म्हणूनच मला हा जुना इतिहास कामाचा वाटतो. बोर्डी आणि कोसबाडला मानसतज्ज्ञांची फौज नव्हती, मोठ्या इमारती नव्हत्या. तिथे प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारला गेला. मूल येत नाही, बोलत नाही, शिकत नाही, तर आपल्यात काय बदलायला हवं? दोष मुलात न शोधता शाळेत शोधायचा. आज आपण उलटं करतो. मूल गप्प झालं की त्याला डॉक्टरकडे पाठवतो आणि शाळा तशीच ठेवतो. काही मुलांना डॉक्टरांची गरज असते. ती असेल तिथे लाज न बाळगता जावं, नजर काढण्यात महिने घालवू नयेत. मनाच्या त्रासासाठी १४४१६ या क्रमांकावर सरकारची ‘टेलिमानस’ सेवा २०२२ पासून आहे. तो क्रमांक प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहिलेला असावा. पण भिंतीवरचा क्रमांक मूल तेव्हाच फिरवतं, जेव्हा आपलं ऐकलं जातं असा अनुभव त्यानं आधी कुठेतरी घेतलेला असतो. तो अनुभव पहिलीतच यावा लागतो.

पालकांनाही एक सांगतो. शाळेतून आलेल्या मुलाला आपण विचारतो, ‘किती मार्क पडले?’ त्याआधी एकदा विचारून पाहा, ‘आज कोणाशी बोललास?’ उत्तर ‘कोणाशीच नाही’ असं सलग आठवडाभर आलं, तर शाळेत जा. आणि माझ्या अब्बांसारखं ‘चामडी तुमची’ म्हणू नका. हाडं आणि चामडी दोन्ही त्या लेकराचीच आहेत, आणि त्यांच्या आत एक मन आहे, हे गुरुजींच्या शेजारी बसून, आदरानं, पण ठामपणे सांगा.

अब्बा आज नाहीत. अम्मी आता फार थकली आहे. मागे एकदा मी तिला त्या मडक्याची, छडीची आणि बाईंची सगळी गोष्ट पहिल्यांदाच सांगितली. जवळजवळ पन्नास वर्षांनी. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘बेटा, तब क्यों नहीं बोला?’’

श्रोतेहो, याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं, एवढंच. बाईंनी विचारलं, आणि मी बोललो. तेव्हापासून बोलतोच आहे. मराठीत कविता लिहितो ते त्या एका प्रश्नामुळे. तुमच्या घरात, तुमच्या वर्गात, तुमच्या वस्तीच्या अंगणात एखादं मूल गप्प बसलं असेल, तर त्याच्याजवळ खाली बसा आणि विचारा.